चकतीवालीचा दोष

गाडीच्या पोटात काय दुखतंय हे बॉनेट न उघडता सांगणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. हे मी दाजींच्या कौतुकापोटी म्हणत नाही. ताईच्या लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मला त्यांचा रागच यायचा. बारामतीत, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, मांडवाबाहेर कुणा पाहुण्याची गाडी कण्हत कण्हत सुरू झाली आणि हातात हार घेतलेल्या नवरदेवाची मान तिकडं वळली. ‘इंजिनातली चेन सैल हाय तिची,’ असं ते अंतरपाटाआडून म्हणाले. नवऱ्याच्या तोंडून आपण ऐकलेलं पहिलं वाक्य हेच, असं ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. जेवणाच्या पंगतीत नवरी एकटीच बसली होती. नवरदेव त्या पाहुण्याच्या गाडीखाली होते, आणि शेरवानीचा पाठीकडचा भाग पुढं फोटोत कुठंच येऊ नये याची फोटोग्राफरनं फार काळजी घेतली. चेन मात्र खरोखरच सैल निघाली.

दाजींचं शेत इंदापूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. घराणं मूळचं मेंढरांचं. त्यांचे वडील, आबा, निम्मं आयुष्य कळपामागं हिंडले होते. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली, आणि दाजींनी डाळिंबं, टोमॅटो, ढोबळी मिरची असं काय काय लावून बरे दिवस आणले. बरे दिवस आल्यावर आमच्या भागात माणसं माडी चढवतात नाहीतर पंचायत समितीला उभी राहतात. दाजी मुंबईला गेले आणि मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाची जुनी जर्मन गाडी घेऊन आले. बुटकी, लांबट नाकाची, गडद निळी. तिच्या वेगाचा काटा दोनशे चाळीसपर्यंत जाऊ शकत होता आणि तिच्यापुढं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मी तिच्यात कितीतरी वेळा बसलो, पण काटा शंभराच्या पुढं गेलेला दोनदाच पाहिला. दाजींना त्याचं दुःख नव्हतं. गाडी पळवण्यापेक्षा ती का पळते हे शोधण्यात त्यांना जास्त रस होता.

त्या वेळी, म्हणजे नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांत, इंदापूर-बारामती पट्ट्यात जर्मन गाडी ठेवणारे मला माहीत असलेले तिघंच. दाजी, इंदापूरचे एक डॉक्टर आणि माळेगावचे एक ऊसवाहतुकीचे ठेकेदार. गाड्यांची जर्मन नावं आमच्या जिभेवर काही बसली नाहीत. नाकावरच्या बिल्ल्यावरून डॉक्टरांची आणि ठेकेदाराची त्या चांदणीवाल्या, दाजींची ती चकतीवाली, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. दर रविवारी सकाळी हमरस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलापुढं ह्या तीन गाड्या उभ्या राहत आणि तुलना सुरू होई. चालू इंजिनावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि कुणाचं पाणी सांडतं ते बघायचं. पपईच्या देठाची नळी कानाला लावून झडपांचा आवाज ऐकायचा. तेलाची पट्टी काढून, दोन बोटांत तेल चोळून वास घ्यायचा. एकदा दाजींनी डोळ्यांवर टॉवेल बांधून, नुसत्या दाराच्या आवाजावरून तिन्ही गाड्या ओळखल्या आणि चौथी एस.टी.ची जीप असल्याचंही सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं असे की चांदणीवालीत बसलं की रस्ता आहे हेच कळत नाही. दाजी म्हणत, रस्ता कळू नये असं वाटत असेल तर माणसानं घरी झोपावं. हा वाद चार वर्षं चालला आणि त्यात कुणीही एक इंच हटलं नाही.

ह्या तिघांचा एक नियम मात्र पोलादी होता. कुणी दोष शोधल्याचा दावा केला की तो दोष हातावर ठेवायचा. जळका प्लग असो, तडकलेली रबरी नळी असो, तो तळहातावर घेऊन सगळ्यांपुढं फिरवायचा. प्रत्येकानं बघायचा, चाचपायचा, मगच दोष मिटला असं धरायचं. नुसतं ‘आता बरी चालतेय’ असं म्हणणाऱ्याला तिथं किंमत नव्हती. आपोआप गेलेला दोष फक्त गावाला गेलेला असतो, असं दाजी म्हणत. ठेकेदारानं एकदा नुसत्या अंदाजानं पेट्रोलच्या पंपाला नावं ठेवली तर दाजी त्याच्यावर उखडले. निर्दोष पार्टवर आळ घेणं आणि निर्दोष माणसावर आळ घेणं त्यांच्या लेखी सारखंच होतं.

त्यांच्या चौकसपणाला धरबंध नव्हता. गाडीसोबत एक जाडजूड जर्मन पुस्तक आलं होतं. चित्रं बघून बघून त्यांनी ते पार झिजवलं, पण मजकूर राहून गेल्याची रुखरुख त्यांना झोपू देईना. शेवटी डाळिंबाची पेटी काखेत मारून ते पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंकडं गेले, आणि असे सात-आठ वेळा गेले. बाईंनी बिचारीनं ब्रेकचं प्रकरण अख्खं मराठीत करून दिलं. नंतर मी त्यांना सहज भेटलो तर त्या म्हणाल्या की तुमच्या दाजींमुळं मला प्रथमच कळलं, ही भाषा किती कामाची आहे. स्वतःची स्कूटर त्या आता दर महिन्याला तपासतात म्हणे.

अशा माणसाच्या गाडीला त्या हिवाळ्यात खोकला झाला. गावातून हळू जाताना काही नाही, पण हमरस्त्याला लागून जरा दाब दिला की तिचा श्वास कोंडायचा, मागून काळा धूर निघायचा आणि पुढची बैलगाडी आपल्याला मागं टाकते की काय असं वाटायचं. दाजींनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, टाकी उतरवून धुतली. डॉक्टर म्हणाले पेट्रोल खराब. ठेकेदार म्हणाला गाडी म्हातारी झाली, आणि पंधरा दिवस दाजी त्याच्याशी बोलले नाहीत. चिडलेल्या दाजींनी एका रविवारी हॉटेलापुढं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, की संक्रांतीनंतरच्या रविवारपर्यंत दोष हातावर ठेवला नाही तर ही गाडी ठेवायचा आपल्याला हक्क नाही, विकून मोकळा होईन. डॉक्टरांचे सोलापूरचे साडू ह्या गाडीवर कधीचे डोळा ठेवून होते. आणि ताईला तर शेतावर जीपच हवी होती. तिनं हा शब्द असा घट्ट धरला की विचारू नका. रोज भाकरी वाढताना ती किती दिवस राहिले ते सांगायची.

संक्रांत झाली, शनिवार उजाडला तरी दोष सापडला नव्हता. मी मुक्कामाला होतो. सकाळी दाजी गाडीपुढं उकिडवे बसले होते आणि मी, मोपेडपलीकडं काही न कळणारा माणूस, उगाच पान्हे पुढं करत होतो. सहज विचारलं, ‘दाजी, ही डबी काय हो? हिला अजून हात नाही लावलात.’ ती हवा गाळणाऱ्या फिल्टरची डबी होती. फिल्टर कोरा करकरीत, डॉक्टरांच्या पुतण्यानं थेट जर्मनीहून आणलेला. दिवाळीच्या पाडव्याला दाजींनी तो बसवला, ताईनं डबीला हळदकुंकू लावून वर लाल दोरा बांधला, नारळ फोडला. पूजा झालेली वस्तू उघडायची कशी, आणि जर्मनीहून आलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा कसा, ह्या दोन भिडांपोटी दोन-अडीच महिने सगळी गाडी तपासली गेली होती, ती डबी सोडून.

दाजींनी डबीला आधी नमस्कार केला, मग दोरा सोडला. झाकण उघडलं. फिल्टरच्या अंगावर काळपट केसांचा जाड थर बसला होता, हात लावला की चटईसारखा उचलून यावा असा. मला वाटलं उंदरानं घरटं केलं. दाजींनी चिमूटभर केस दोन बोटांत चोळले. गाड्यांचं तेल ओळखणारी ती बोटं त्याआधी कितीतरी वर्षं लोकर ओळखत होती. ते हळूच म्हणाले, ‘आबाची घोंगडी हाय ही.’

मग मलाही सगळं उलगडलं. त्या वर्षी गाडी ठेवायच्या छपरात कांदा भरला होता, म्हणून गाडी अंगणात उघड्यावर राहायची. मेंढरं गेल्यापासून आबांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उघड्यावर कुडकुडणारी ती गाडी बघून त्यांनी तिला कळपातली एक धरली असावी. रोज दिवस मावळताना ते स्वतःची घोंगडी तिच्या नाकावर पांघरत आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडा पुढच्या जाळीत नीट खोचून ठेवत. जाळीला घासून घासून केस आत गळायचे, आणि सकाळी इंजिन चालू झालं की ते सगळे ओढून घ्यायचं. हे पांघरणं आम्ही सगळे रोज बघत होतो, नुसतं बघत होतो.

आबा ओट्यावर उन्हात चातीवर लोकर कातत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, ‘काय घावलं का रं?’

दाजींनी लोकरीचा गोळा खिशात कोंबला. ‘न्हाय आबा.’

मी त्यांना बांधावर नेऊन पुष्कळ समजावलं. म्हटलं, उद्या फक्त सांगून टाका, आबांना काय कळतंय. ते म्हणाले, ‘हातावर ठिवाया लागंल, पाव्हणं. उद्या समदी हुरड्याला हितंच येनार, आबा म्होरंच बसलेला असनार. स्वताची लोकर त्याला कळायची न्हाय व्हय?’ मी म्हटलं, मग प्लग जळाला म्हणून एखादा जळका प्लग दाखवा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय बदलला. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘मेंढरं इकली तवापास्नं त्याला कुनी इचारलं न्हाय. दिवसाकाठी येवढं एकच काम करतोय गडी. त्येच खोटं म्हनून सांगू?’

रविवारी सगळे हुरड्याला शेतावरच आले. डॉक्टर, त्यांचे साडू, ठेकेदार, आगटीभोवती आबा, आणि हुरड्यावर चटणी वाढणारी ताई. आधी गाडीची फेरी झाली. दाजींनी फिल्टर झटकून बसवला होता, त्यामुळं चकतीवाली हमरस्त्यावर अशी सुटली की शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी दाराची कडी धरली. काटा शंभराच्या पुढं गेलेला मी पाहिला तो ह्याच दिवशी, दुसऱ्यांदा. परत आल्यावर डॉक्टर आनंदानं खाली उतरले आणि हात पुढं करून म्हणाले, ‘ठेवा हातावर. काय होतं?’

दाजींनी दोन्ही तळहात उघडून दाखवले. ते रिकामे होते. ‘न्हाय घावलं, डॉक्टर. आपसूक गेलं.’

हे वाक्य दाजींच्या तोंडून ऐकून ठेकेदारसुद्धा हसायचा राहिला. इतकी वर्षं जमवलेला लौकिक माणसानं आपल्या हातानं आगटीत टाकावा आणि वर कणीस भाजायला घ्यावं, तसं ते पुन्हा हुरडा चोळायला बसले. आबा मात्र खूश होते. ते डॉक्टरांना म्हणाले, ‘थंडीचा खोकला व्हता, दुसरं काय. म्या पांघरून घालत व्हतो म्हनून निभावलं.’ डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहून मान हलवली. मला त्या क्षणी ओरडून सगळं सांगावंसं वाटलं. दाजींनी माझ्यासमोर हुरड्याची ताटली सरकवली आणि मी तोंड भरून घेतलं.

शब्द दिला होता, तो पाळला. आठवड्यानं साडू गाडी न्यायला आले. ताईला हवी ती जीप मिळणार होती, पण ती चुलीपाशीच बसून राहिली, बाहेर आली नाही. दाजींनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली दिली. तेवढ्यात आबा घरातून काठी टेकत आले. घडी केलेली घोंगडी त्यांनी मागच्या सीटवर ठेवली आणि साडूंना बजावून सांगितलं, ‘सांजच्याला नाकावर टाका तिच्या. सवं हाय तिला.’

रस्त्याला लागेपर्यंत सोबत करतो म्हणून आम्ही दोघं गाडीत बसलो. डांबरीवर आल्यावर दाजींनी ती थांबवायला लावली. घोंगडी काढून माझ्या मांडीवर दिली आणि साडूंना हात जोडून म्हणाले की तिच्यावर काही म्हणजे काही पांघरू नका, उघडी राहिली तर शंभर वर्षं पळंल. घोंगडी घरी न्यायची सोय नव्हती. ती मी बारामतीला आणली. थंडी पडली की मी ती अंगावर घेतो, आणि सकाळी माझा सदरा केसांनी भरलेला असतो.

आबा त्यानंतर आणखी बराच काळ होते. दाजी आडत्याकडं माल घालायला सोलापूरला जात, तेव्हा साडूंच्या घरावरून मुद्दाम चक्कर मारून येत. परतल्यावर जीपमधून उतरायच्या आत आबांचा प्रश्न यायचा, आणि मी तिथं असलो की मला दुसरीकडं बघावं लागायचं.

‘पांघरून घालत्यात का रं तिला?’

‘घालत्यात, आबा,’ दाजी म्हणायचे. ‘रोज घालत्यात.’