शिरोळहून आणलेली कॅराव्हॅन

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढला, सहारातल्या वाऱ्यांचे बाण काढले, आणि स्वतः मात्र परीक्षेच्या ड्युटीला फार तर सोलापूरपर्यंत गेले. निवृत्त झाल्यावर लोक विचारायचे, आता काय करणार? मी म्हणायचे, बघू. 

उत्तर मिळालं शिरोळला, एका गोठ्याच्या मागं. शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. जेवणानंतर तिच्या दिरानं शेत दाखवायला नेलं. गोठा ओलांडला आणि उसाच्या कडेला मला ती दिसली : दोन चाकांवरची, पत्र्याची, कोपरे गोल असलेली एक खोली. खिडकीतून शेळी बाहेर बघत होती.

"ही कॅराव्हॅन आहे ना?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात कुणास ठाऊक. कालव्याची मोजणी करायला सायेब यायचा, त्याची हाय. तो जीपला जोडून फिरायचा आन् हितंच ऱ्हायचा. पुढं लिलावात आमच्या वडलांनी घेतली. आता पेंडीची पोती आन् शेरडं." त्यानं पत्र्यावर बोट ठेवलं. खिडकीच्या खालपर्यंत मातकट रेघ होती. "मागच्या महापुरात पाणी हितवर आलतं. पर वाहून गेली न्हाय बघा."

मी विचार न करता बोलून गेले, "मला द्याल का?"

तो हसला. "न्यावा की बाई! जागा तरी मोकळी हुईल."

आठवड्याभरात ती ट्रकवर चढून आमच्या दारात आली. शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही कळंब्याच्या बाजूला राहायला आलो होतो. पुढं थोडं अंगण होतं, ते सगळं तिनं व्यापलं. कागलच्या एमआयडीसीत मशीन शॉप सांभाळणारे माझे यजमान कामावरून आले, फाटकातच थांबले आणि म्हणाले, "अगं, शेळ्यांसकट आणलीस की काय? वास येतोय."

घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. ते ब्याऐंशी वर्षांचे. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी बसच्या बॉड्या बांधण्यात घालवली. कंपनीतून नुसती चाकं-इंजिनाची चेसी यायची, तिच्यावर लाकडाचा सांगाडा आणि पत्रा चढवून बस करायची, हे त्यांचं काम. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. पेठेतला तालमीपुढचा कट्टाही आता लांब पडला होता. दिवसभर ते पलंगावर बसून भिंतीकडे बघायचे. विचारलं तर "बरं हाय" एवढंच.

कॅराव्हॅन आली तेव्हा ते दारापर्यंत आले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "खुराडं हाय" म्हणून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक ऐकू आली. बघते तर मामा पायजम्यावर, अनवाणी, पत्र्याला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकत चालले होते. चारही बाजू फिरून आले आणि म्हणाले, "डावी बाजू कुजलीया. उजवी खणखणीत. छपराचं आतनं बघाय पायजे. शिडी हाय का?"

"तुम्ही चढायचं नाही."

"मग तू चढ. मी सांगतो."

तिथून आमचं काम सुरू झालं.

पहिले पंधरा दिवस मी नुसती घाण काढत होते. लेंड्या, पेंडीचा कडक झालेला थर, पुराचा गाळ. गाळ वाळून इतका घट्ट झाला होता की खुरप्यानं खरवडावा लागला. आतलं प्लायवूड ओढलं की पापडासारखं सुटायचं. ते निघाल्यावर सागवानी सांगाडा उघडा पडला आणि मामा पहिल्यांदा आत शिरले. प्रत्येक उभ्या लाकडावर पेन्सिलीनं आकडे होते. त्यांनी ते बोटांनी चाचपले, सांध्याजवळ नाक नेलं, करवतीच्या खुणांवरून नख फिरवलं.

"ह्यो गडी डावखुरा हुता," ते म्हणाले.

"कोण?"

"ज्यानं बांधली त्यो. करवतीचा तिरपा काप बघ की. उलटा पडलाय." मग पुढच्या सांध्यावर अंगठा फिरवला. "हात चांगला हुता. घाई न्हाय केलेली कुठं."

त्या दिवशी रात्री ते दोन भाकरी जेवले. यजमानांनी माझ्याकडे बघितलं, मीही त्यांच्याकडे बघितलं.  दुसऱ्या दिवशी हे कामावर जाताना चाकाचा झिजलेला हब पिशवीत घालून घेऊन गेले. तसला हब बाजारात मिळणार नव्हता. चार दिवसांनी नवा, लेथवर कातलेला, कागदात गुंडाळून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. "वासाचं बघ मात्र," एवढंच म्हणाले.

डाव्या बाजूचे तीन खांब बदलायचे होते. मामांनी पलंगाखालून एक सागाचा तुकडा ओढून काढला. कारखाना सोडताना आणलेला, इतकी वर्षं जपलेला, रेषा अशा सरळ की कंगव्यानं ओढल्यासारख्या. "ह्याच्यात खिडकीचा खांब बसतोय," म्हणाले. टेप धरला, तोंडानं "दोन फूट एक इंच" पुटपुटले, पेन्सिल मारली आणि कापलासुद्धा. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते कापलेल्या खांबाची कड बोटानं चाचपत होते. "बसवतो उद्या," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी मापून बघितलं. पाहिजे होता दोन फूट सात. सहा इंच तोकडा.

मी पुढं जे केलं ते का केलं, हे आजही मला नीट सांगता येत नाही. सायंकाळी लाकडाच्या वखारीत गेले, तशाच जाडीचा साग घेतला, तिथल्याच सुताराकडून कापून आणला. तो मामांच्या तुकड्याच्या जागी ठेवला आणि त्यांचा तुकडा पाण्याच्या टाकीमागं लपवला. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. सकाळी त्यांनी खांब बसवला. बसवताना एकदा त्यावर हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि पटाशी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं. अंगणात येईनात. पुन्हा पलंग, पुन्हा भिंत. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तर तो तोकडा तुकडा त्यांच्या मांडीवर होता.

"माझं लाकूड मी वळखत न्हाय व्हय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मामांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं की. वाटू दे की! चाळीस वर्सं बॉड्या बांधल्या, त्यात काय चुकलो न्हाय? ढिगानं चुकलो. मिस्त्री चार मान्सांत शिव्या घालायचा आन् दुसरं लाकूड द्यायचा. लपवून कुणी ठिवलं न्हाय. झाकत्यात कुणाचं, ठाव हाय? ज्याच्याकडनं आता काय हुणार न्हाय, त्येचं."

मी खालीच बसले, फरशीवर. वर्गात एवढ्या मुलांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या होत्या. इथं मात्र एक दाखवली नाही. "चुकलं माझं," मी म्हणाले. मग विचारलं, "मामा, टेपवरचा सात दिसला नाही का?"

त्यांनी तुकडा बाजूला ठेवला. "धुकं आल्यागत दिसतंय. ती गेल्यापासनं." मग म्हणाले, "मला वाटलं, रडून रडून तसं झालं आसंल."

त्यांना रडताना आम्ही कुणीच बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, चांगलाच पिकलेला. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात त्यांना धूळ चालणार नव्हती, वाकायचं नव्हतं. काळा चष्मा लावून ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि मी पत्रा ठोकायचे. पत्रा जोडायच्या रिबिटीवर हातोडी पडली की तिकडून आवाज यायचा, "कच्ची बसली! पुन्ना!" मी म्हणायचे, तुम्हाला कसं कळलं? "कानानं. पक्की बसली की 'टंग' म्हंती, कच्ची 'टप' म्हंती." सुरुवातीला मला काही फरक कळेना. पुढं पुढं त्यांनी सांगायच्या आधीच मी रिबिट काढायला लागले. मग खुर्चीतून नुसता हुंकार यायचा.

चष्मा निघाल्यावर ते थेट कॅराव्हॅनकडे गेले. मी केलेली डावी बाजू अगदी जवळून बघितली. मी पदर बोटांत गुंडाळत उभी.

"ओळ वाकडी हाय."

"काढू?"

"पाणी मार बघू."

मी नळी लावून छपरावरून दहा मिनिटं पाणी सोडलं. ते आत बसून राहिले. बाहेर आले तेव्हा सदरा कोरडा होता. "ऱ्हाऊ दे वाकडी," म्हणाले.

रस्त्यावर न्यायच्या कागदपत्रांत बरेच महिने गेले. कालव्याच्या साहेबाच्या काळातला कागद कुठून आणायचा? यजमानांनी सुट्ट्या काढून त्या खिडकीवरून या खिडकीवर फेऱ्या मारल्या आणि एकदाचा शिक्का मिळाला. मग एका रविवारी सकाळी पांढरा रंग दिलेली कॅराव्हॅन मागून आणलेल्या जीपमागं जोडली आणि आम्ही तिघं गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. मामा पुढं बसले होते. आरशात मागं बघत, दर खड्ड्याला "सावकास, सावकास" म्हणत.

एका गावाबाहेर वडाखाली थांबलो. मी आत जाऊन शेगडीवर चहा ठेवला. गाळून होतोय तोवर दारात एक म्हातारे गृहस्थ, टोपी काढून उभे. त्यांच्या मागं नातवाला कडेवर घेतलेली बाई, तिच्यामागं आणखी दोघं.

"डाक्टरीन बाई कवा येणार?" त्यांनी विचारलं.

पांढरी गाडी, पुढं जीप. त्यांना ती फिरता दवाखाना वाटली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "या पावणं, बसा. काय दुखतंय?"

"गुडघं."

"माजंबी. बसा की."

बाईला मी दवाखाना नसल्याचं सांगितलं. ती हसत सुटली आणि मागच्यांना घेऊन गेली. गृहस्थ मात्र बसले. चहा झाला, गुडघ्यांचं बोलून झालं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो ते झालं. जाताना त्यांनी आतल्या लाकडावरून हात फिरवला. "लई झ्याक काम हाय. कुणी केलं?"

"सुनंनं," मामा म्हणाले. "मी खुर्चीत बसून वरडत हुतो नुसता."

"असं काही नाही हो," मी म्हणाले, "सांगाडा सगळा त्यांनी—"

"पावण्यांम्होरं वाद नको," मामा म्हणाले आणि आपला कप माझ्याकडे सरकवला. "अजून हाय का चहा?"

होता. मी ओतला. यजमान जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरायला बघत होते, वारा त्याला पसरू देत नव्हता. मी बाहेर आले, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पुढचा घाट कुठून उतरतो ते त्यांना दाखवलं.