कावळा शिवेना तेव्हा

“देव न मानणाऱ्या घरात पडून होत्या ना, म्हणून जीव अडकलाय,” काकू शेजारच्या बाईला म्हणाली. मी त्यांच्या खालच्याच पायरीवर बसले होते. नेमकं ऐकू जाईल इतपत हळू बोलणं काकूला चांगलं जमतं.

आत्याचा दहावा होता. बाणगंगेच्या पायऱ्यांवर भाताचा पिंड ठेवून सगळे बाजूला झाले होते. समोरच्या भिंतीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येत नव्हता. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं मानतात, आणि मग नातेवाईक पिंडाला वचनं देऊ लागतात.

आत्याचे धाकटे भाऊ, माझे काका, हात जोडून म्हणाले, “ताई, वर्षश्राद्ध नीट करीन.” कावळे जागचे हलले नाहीत. “गावच्या देवीची ओटी भरीन.” तरी नाही.

गुरुजींची पुढची मंडळी ताटकळत होती. “दर्भाचा कावळा करून शिवू या का?” त्यांनी विचारलं. काका तयार होईनात. सगळे बघत होते ना.

आई एका बाजूला उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

बाबा गेल्यावरही आत्या आमच्याच लालबागच्या खोलीत राहिली. मग ती अंथरुणाला खिळली. आईने तिला भरवलं, पुसलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून झोपेतून उठून तिची कूस बदलली. आई देव मानत नाही. पण आत्याला उठता येईना तेव्हापासून तिच्या देव्हाऱ्यातला दिवा आईच लावायची. हात न जोडता. “देव माझे नाहीत, पण दिवा त्यांचा आहे,” एवढंच म्हणायची.

काका माटुंग्याला राहतात. दर मंगळवारी अनवाणी प्रभादेवीच्या देवळात चालत जातात. घराण्यात या गोष्टीचं फार कौतुक. देवळापासून आमची चाळ टॅक्सीने दहा मिनिटांवर. मंगळवारी सकाळी आत्या धुतलेला गाऊन मागायची, केस विंचरून घ्यायची. “आज मंगळवार. देवळातसून तो हयसर येतलो,” म्हणायची आणि काकांसाठी दाराकडे बघत राहायची. संध्याकाळी आई तिच्या अंगावर जुना गाऊन चढवायची. पहिल्या वर्षी काका दोनदा आले, नंतर नाहीत.

माझगावच्या माझ्या शाळेत कॅथलिक मुली कॅटेकिझमच्या, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गाला जायच्या आणि उरलेल्या आम्हाला त्या तासाला मॉरल सायन्स असायचं. त्यांना देव, आम्हाला नीती. तेव्हा ती वाटणी मला विचित्र वाटली नाही. मी दर वर्षी पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि वर्गात कधी तोंड उघडलं नाही. पुढे नातेवाइकांमध्येही नाही. काकू आईला ‘आमच्या कॉम्रेड’ म्हणून हसायची, तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत बसायचे.

“वहिनी,” काका एकदम वळून म्हणाले, “तुम्हीच माफी मागा तिची. तुमच्या नास्तिकपणाचं लागलं असेल तिला. म्हणा, चुकलं माझं. काय जातंय?”

“भाऊजी, मी...” आई थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मग आईने चपला बाजूला काढल्या आणि पिंडासमोर येऊन हात जोडायला घेतले. फिनेलने सोललेली तिची बोटं मला दिसली. मागे काकू म्हणाली, “आता शिवेल बघा.”

मी उठून उभी राहिले.

“आई, हात खाली घे,” मी म्हणाले. “काका, आत्याची इच्छा मला माहीत आहे. तुम्ही एखाद्या मंगळवारी येऊन तिच्याजवळ बसावं, एवढीच होती. आता कावळ्याला कसलं वचन देताय?”