शटरवरचा पंचावन्न

"जरा वाळू द्या, राव." मोशीच्या रस्त्यावरचे पेंटर चाचा हे गिऱ्हाइकाला सांगायचे आणि भांडणाऱ्यालाही. सांगताना ब्रश कानावर खोचायचे, त्यामुळे उजवा कान कायम रंगीत. त्या रस्त्याने गेला असाल तर त्यांची अक्षरं तुम्हीही वाचली असतील. पाटी पुरी झाली की कोपऱ्यात चिमुकली सही करायची, हा त्यांचा खाक्या.

चाकणपर्यंत मेट्रो येणार म्हटल्यावर आमच्याकडे दोन तट पडले. मी रोज कंपनीच्या बसमध्ये दोन-दोन तास अडकणारा. आमच्या सोसायटीला मेट्रो कालच हवी होती. रस्त्याकडेच्या दुकानदारांना ती नको होती, कारण त्यांची दुकानंच जाणार होती. दोन्ही तटांच्या पाट्या चाचांनीच रंगवल्या. 'झालीच पाहिजे' आणि 'होऊ देणार नाही' त्यांच्या दारात शेजारी-शेजारी वाळत असत. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मग मोजणीवाले आले आणि शटरांवर लाल आकडे टाकून गेले. दुकानदारांनी ते थिनरने पुसले. थिनरही चाचांकडूनच नेलं. चाचांच्या शटरवर पंचावन्न होता, वाकडातिकडा, ओघळलेला. मी आमची पाटी न्यायला गेलो, तर चाचा पट्टी लावून तोच आकडा नव्याने काढत बसलेले. खाली सहीसुद्धा!

तेवढ्यात शेजारचा हार्डवेअरवाला पाच-सहा जणांना घेऊन आला.

"चाचा, आमी पुसतोय आन् तुमी गिरवताय व्हय? फितूर झालात?"

"अरे भावा, दोन्ही पाचांची पोटं फाटली होती. माझ्याच दारावर असलं अक्षर?"

"दारच चाललंय तुमचं! अक्षराचं काय घेऊन बसलाय?"

त्याने लाथ मारली आणि लाल रंगाचा डबा आमच्या पाटीवर सांडला. कुणीतरी चाचांची कॉलर धरली. "ह्या सोसायटीवाल्यांनीच फितवलंय," असं माझ्याकडे बघत एकजण ओरडला. मी घाबरलो. चाचांच्या बाजूने एक शब्द बोललो नाही, पाटी तिथेच टाकून निघून आलो. मागून त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, "मला मारा हवं तर. शटरला हात नका लावू, ओलं आहे."

त्या रस्त्यावर आता वाचता येणारा तेवढा एकच आकडा उरला. गाळ्याचा मालक हबकला. आपलीच जागा आधी जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं. भरपाईत भाडेकरूचा वाटा नको, म्हणून त्याने महिन्याभरात गाळा रिकामा करायला लावला. चाचा भाडेकरू, काय बोलणार? ते लेकीकडे निघोज्याला गेले. हार्डवेअरचं दुकान अजून चालू आहे आणि मेट्रोचा एक खांबही उभा राहिलेला नाही.

जायच्या आदल्या दिवशी चाचा आमच्या घरी येऊन गेले. मी कामावर होतो. त्यांनी आमची पाटी आणून दिली होती, डाग काढून, अक्षरं पुन्हा भरून. "उन्हात ठेवा, जरा वाळू द्या," असं बायकोला सांगून गेले.

ती पाटी आता चौकात आहे. मेट्रो मला आजही हवीच आहे. बस रोज त्या चौकात अडकते, आणि वरची मोठी अक्षरं सोडून माझी नजर खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे त्यांची सही आहे. मला लाज वाटते.