हळदीने अजगर पिवळा होत नाही

“नागपंचमीला आम्ही मादीच्या अंगाला हळद लावली, म्हणून पिल्लू पिवळे निघाले.” आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापून आले आहे. लिहिणारा मूळचा कोकणातला सुतार. कुवेतमधल्या महबूला भागातल्या फ्लॅटमध्ये सात वर्षे माझा खोलीसोबती. कारागीर उत्तम, परंतु लेखणी हाती आली की हा माणूस माप घ्यायचे विसरतो.

खरी हकीकत अशी. दोन हजार सालच्या सुमारास मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून मी अजगरांची जोडी घेतली: हातभर लांबीचे, तपकिरी, निरुपद्रवी बहीणभाऊ. त्यांचा बाप मात्र पिवळाधमक, लाल डोळ्यांचा. तो रंग दोघांच्याही रक्तात दडलेला होता. दोघांकडून एकाच वेळी उतरला तरच पिल्लात दिसतो, सरासरी चारांत एकदा. हे गणित मांडून मी तीन वर्षे थांबलो. फ्रीजरमध्ये सुरमईच्या शेजारी उंदीर ठेवतो म्हणून फ्लॅटमधल्या पाचही जणांच्या शिव्या खाल्ल्या.

चौथ्या वर्षी मादीने सहा अंडी दिली. उबवणीची पेटी सुताराने केली, हे मी कधीही नाकारलेले नाही. पण मंडळींना एसी सोळावर हवा असे. पेटीची ऊब ढळू नये म्हणून मी माझी दुलई तिला गुंडाळली. कुवेतच्या जुलैत थंडीने पडसे झालेला मी एकटाच असेन.

नागपंचमीला मी ड्यूटीवर होतो. परतलो तो अजगर गळ्यापर्यंत पिवळा, पुढ्यात नारळ, तांदूळ आणि खण.

“काकानू, बाळंतिणीची ओटी भरली आमी,” सुतार म्हणाला.

बारा दिवसांनी अंडी फुटली. पाच पिल्ले तपकिरी, एक पिवळे.

“बघलात? हळद लागली!”

“अहो, हळद लावलीत तेव्हा अंडी पेटीत पडून दीड महिना झाला होता.”

“देवाक कॅलेंडर लागता काय? आणि तुमचा चारात एक, तर सहांत एकच कसा?”

“तुम्हाला चारही मुलीच झाल्या. त्यांतले निम्मे मुलगे कुठे गेले?”

“तेवा पंचमी करूक रवली,” तो म्हणाला.

पुढे महबूलाभर त्याचीच कथा चालली. तीन वर्षांच्या प्रतीक्षेबद्दल मला कोणी विचारले नाही. हळद कोणती वापरली, एवढेच विचारले. तेही मी सोसले. परंतु गेल्या महिन्यात नातीने ती स्मरणिका वाचून मला विचारले, “आजोबा, म्हणजे यू डिडन्ट डू एनीथिंग?”

आजवर त्या सुताराची लाज राखण्यासाठी एक गोष्ट मी कोणापाशी बोललो नव्हतो. आता बोलतो. त्या दिवशी मादी खालच्या, तिच्या राहत्या खोक्यात वेटोळे घालून स्वस्थ पडली होती. पाच जणांनी हळदकुंकू वाहून ज्या अजगराची विधिपूर्वक ओटी भरली, तो नर होता.