चष्मेवाल्यांची चौदा नंबरची टेप

७ मार्च, गुरुवार. सकाळी नळाला पाणी बारीक. वाचायचा चष्मा पायाखाली आला, डावी काच गेली. साडेदहाला चष्मेवाल्यांकडे. त्यांनी माझ्याकडून एकच वाक्य चार वेळा म्हणवून घेतलं. चष्मा शनिवारी मिळेल.

त्या दिवशीच्या वहीत एवढंच आहे. शाळेत आम्हाला एक सिस्टर होत्या. त्यांनी सातवीत रोजनिशीची सवय लावली आणि नियम घालून दिला: जे घडलं ते वहीत लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं. पासष्ट वर्षं मी तो पाळत आले. पण चष्मेवाल्यांची हकिकत नुसत्या घडलेल्यात मावत नाही, म्हणून ही वेगळी पानं.

चष्मेवाले साठीला टेकलेले, उंच आणि मानेत वाकलेले. आळीत त्यांना भिंग म्हणतात, तोंडावरसुद्धा. कामात फार काटेकोर. पाव नंबर इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही. गिऱ्हाईक म्हणतं दिसतंय, तरी हे म्हणतात, तुम्हाला दिसतंय असं वाटतंय, थांबा. असा हा माणूस. त्या दिवशी माझी फुटकी काच हातात घेऊन त्यांनी घासायचं यंत्र सुरू केलं आणि मला काहीतरी विचारू लागले. यंत्राच्या घरघरीत एक शब्द ऐकू येईना. मी म्हटलं, "बंद करा हो ते."

त्यांनी यंत्र बंद केलं. काच हातातून पडली आणि होती त्याहून जास्त फुटली.

"काय म्हणालात?"

"ते बंद करा म्हटलं. ऐकू येत नाही."

"नाही, मघाशी म्हणालात तसंच म्हणा."

मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा म्हणायला सांगितलं. तिसऱ्या वेळी आतून त्यांच्या बायको आल्या आणि नवरा डोळे मिटून उभा आहे आणि एक म्हातारी त्याला बंद करा, बंद करा म्हणते आहे, हे पाहून दारातच थांबल्या. चष्मेवाल्यांनी मला विचारलं, "काकू, तुम्ही कधी गॅरेजच्या वर राहत होता का?"

राहत होतो. शेहेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरचं आमचं पहिलं घर. खाली मोटारींचं गॅरेज, आणि त्याच्या मागच्या खोलीत चार मुलं संध्याकाळी गिटार आणि ड्रम घेऊन जमायची. पाच महिने जमली. पुढे ती मोठी झाली, त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, पेपरात फोटो आले. मला ती फक्त डोकेदुखी म्हणून माहीत होती.

"बायकोला विचारा," चष्मेवाले म्हणाले, "हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय."

"मला नका विचारू," बायको म्हणाल्या. "मी मोजायचं सोडलं त्याला वीस वर्षं झाली."

शनिवारी चष्मा घ्यायला गेले तेव्हा सगळं कळलं. त्या मुलांच्या सरावाला त्यांचा एक मित्र टायरच्या ढिगावर टेपरेकॉर्डर ठेवून बसायचा. त्याच्या टेपांच्या नकला, नकलांच्या नकला अशा गुपचूप हातोहात फिरल्या. अशांना बूटलेग म्हणतात. आम्हाला शाळेत हा शब्द चोरट्या दारूच्या धड्यात आला होता, तेव्हा मी जरा सावरूनच बसले. चष्मेवाल्यांकडे अशा दोनशे बारा टेपा होत्या, सगळ्या काचांच्या खणांत.

"गिऱ्हाइकाला मायनस दोन हवा असतो," बायको म्हणाल्या, "आणि खणातून निघतो गिटारवाला."

मी विचारलं, दुकानात चांगल्या रेकॉर्डी मिळत असताना ही खरखर कशाला? चष्मेवाले म्हणाले, "काकू, रेकॉर्ड म्हणजे पाहुणे यायच्या वेळचं घर. चादरी ओढलेल्या, सगळे हसतायत. मला पाहुणे यायच्या आधीचं घर बघायचं असतं. कोण कोणावर ओरडतंय, काय लपवतायत."

मग त्यांनी चौदा नंबरची टेप लावली. खरखर. कोणीतरी विचारतं, बिस्किटं कोणी संपवली. कोणीच कबूल होत नाही. एक गाणं सुरू होतं, अडखळतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. मग दार वाजतं आणि एक तरुण बाई फणकाऱ्याने म्हणते, "बंद करा हो ते. भिंतीवरचं घड्याळ खाली आलंय." आणि टेप संपते.

आवाज माझा होता. मला वाटत होतं त्या काळात मी फार सौम्य बोलत असे.

हे गाणं त्या चौघांचं सगळ्यांत गाजलेलं, असं कळलं. ते पहिल्यांदा वाजवलं गेलं ते याच टेपेवर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, असं चष्मेवाले तीस वर्षं सांगत आले होते. पुरावा काय, तर ड्रम. त्यांनी काउंटरवर बोटांनी वाजवून दाखवलं. "अर्धा ठोका उशिरा, ऐका. इतर टेपांत हाच ड्रमवाला घड्याळासारखा वाजवतो. इथे उशीर का? गाणं नवीन आहे. तो ते शोधतोय." एक निवृत्त पोस्टमन मात्र हे मानत नव्हते. त्यांच्याकडे त्याच गाण्याची टेप होती, बारा सप्टेंबर अशी तारीख घातलेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अशा टेपांच्या नादाची मंडळी दुकानात जमत आणि दर वेळी या दोघांचं याच्यावरून वाजे.

"तुम्ही रोजनिशी लिहिता ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं. हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. "घड्याळ पडल्याचं लिहिलं असेल."

सोमवारी ते बायकोसकट घरी आले. मी त्या वर्षाची वही काढून ठेवली होती, पण आधी उघडली नव्हती. दुसऱ्यासाठी वाचायचं ते आपण आधी चाखून बघू नये, असं मला वाटतं. ऑगस्ट पूर्ण वाचला. त्या महिन्यात मी आठ वेळा खाली गेले होते, पण घड्याळ शाबूत होतं. सप्टेंबर, ऑक्टोबर. मग सापडलं आणि मी मोठ्याने वाचलं:

"३ नोव्हेंबर, शुक्रवार. भिंतीवरचं घड्याळ पडलं, काच फुटली. पावणेसहाला खाली जाऊन बंद करायला सांगितलं. मुलांतला ढोलवाला भांडून गेलेला. त्याच्या जागी गॅरेजवाला बसलेला, हात काळेच. यांचे दोन शर्ट लाँड्रीत."

चष्मेवाल्यांनी वही मागून घेतली. खिशातलं भिंग काढून ती ओळ पाहिली.

"अहो, शाई आहे ती," बायको म्हणाल्या. "नंबर बदलून वेगळी दिसणार नाही."

"काकू, घड्याळ ऑगस्टमध्येही एकदा पडलं असेल की."

"पडलं असतं तर लिहिलं असतं."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. तीस वर्षं ज्याच्यावर वाद जिंकले तो अर्धा ठोका एका मोटार दुरुस्त करणाऱ्याचा निघाला होता. माझा जीव चुटपुटला. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पुढच्या पहिल्या रविवारी तुम्हाला बोलावणार आहेत सगळे. आवाज ऐकायचाय म्हणतात. कोणी वहीचं विचारलं तर?"

"विचारलं तर वाचून दाखवीन. नाही विचारलं तर गप्प बसेन."

"पोस्टमन विचारणारच. जन्म गेला त्याचा पत्ते शोधण्यात."

बायको चपला घालता घालता म्हणाल्या, "लोकांना त्यांचा नंबर तोंडावर सांगतात. स्वतःचा सांगायची पाळी आली तर घाम फुटला."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला मी पिशवीत वही घालून गेले. दुकानात अकरा जण होते, डोळे तपासायच्या खुर्चीवर मला बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. मला वाक्य म्हणायला लावलं. म्हटलं, तर टाळ्या. एक गृहस्थ म्हणाले, "आवाज म्हातारा झालाय, पण 'हो' तोच आहे." ही स्तुती होती असं धरून चालले.

मग पोस्टमन पुढे सरकले. बुटके, मिशीवाले. "काकू, तुमच्याकडे वह्या असतात म्हणे."

"असतात."

"त्या वर्षाची?"

मी पिशवीत हात घातला. चष्मेवाले काउंटरमागे काच पुसत होते. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते.

"राहू द्या काकू," ते म्हणाले. "मी सांगतो." आणि काच खाली ठेवून सांगितलं. तारीख, वार, पावणेसहा. "तुझी टेप आधीची, पोस्टमन. माझी नाही."

पोस्टमनांना एवढ्या लवकर जिंकायची सवय नसावी. ते जरा गोंधळले. "आणि तो अर्धा ठोका?"

"तो गॅरेजवाला."

कोपऱ्यात बँकेतले एक कारकून बसले होते, संध्याकाळी हौसेने ड्रम वाजवणारे. ते पडेल आवाजात म्हणाले, "मी चार वर्षं घासून तो उशीर बसवलाय."

"मग आता गाड्या दुरुस्त करायला शिक," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. चष्मेवाले सोडून.

पोस्टमन हसायचे थांबले आणि म्हणाले, "लाव ती."

"आता कशाला?"

"लाव म्हणतो ना भिंगा."

टेप लागली. बिस्किटं, अडखळणं, पुन्हा सुरुवात. या वेळी सगळे त्या गॅरेजवाल्याला ऐकत होते. तो मागे राहतो, धावत येतो, पुन्हा मागे राहतो. मध्ये एकदा सलग चार ठोके बरोबर जागी पडतात, आणि मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "अरे वा."

"हे 'अरे वा' कोणाला म्हणतात ते मला कधीच कळलं नव्हतं," चष्मेवाले म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

पोस्टमन खरखर संपेपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "माझी आधीची आहे हे खरं. पण माझ्यात सगळे नीट वाजवतात रे." आणि जरा वेळाने, "मला याची नक्कल देशील?"

"देतो. पण काकूंचं शेवटचं वाक्य कापायचं नाही."

"कापतोय कशाला. मग संपली कधी कळणार?"

चष्मेवाल्यांनी चौदा नंबरच्या डबीवरची चिठ्ठी ब्लेडने खरवडून काढली. नवीन चिठ्ठीवर तारीख घातली, आणि ड्रम या शब्दापुढे, गॅरेजवाला. नाव विचारलं, मला ठाऊक नव्हतं. वहीतही नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मला सोडायला बायको कोपऱ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, आता ते घरी ही टेप दुप्पट लावतील, तुमच्यामुळे. मी क्षमा मागितली.

घरी येऊन वही लिहिली. ७ एप्रिल, रविवार. चार ते सहा चष्मेवाल्यांकडे. स्वयंपाकघरातला दिवा गेला, नवीन लावला. जुना अकरा महिने चालला.