मालनबाईंचा राणीछाप रुपया

रंगनाथ माणूस तसा साधा, पण नाण्यांचा विषय निघाला की अंगात आल्यासारखा करायचा. मनमाडला रेल्वेत उभा जन्म काढला, निवृत्त झाल्यावर इंदिरानगरात फ्लॅट घेतला, आणि मग काय, सकाळ-संध्याकाळ भिंग अन् नाणी! "अहो, देवाकडे तरी इतकं निरखून बघा कधी," असं बायको, उज्वला, म्हणायची. ऐकतो कोण!

त्यातलं लाडकं नाणं एकच, आईचा राणीछाप चांदीचा रुपया. मालनबाई देवळ्याहून सासरी निघाल्या तेव्हा वडिलांनी तो ओटीत घातला होता. दर लक्ष्मीपूजनाला त्या रुपयाला दुधानं न्हाऊ घालायच्या आणि पदरानं नुसतं टिपायच्या. शेजारणी आपापली नाणी रांगोळीनं घासून लखलखीत करायच्या. मालनबाई कुणाला घासू द्यायच्या नाहीत. "घासली की लक्ष्मी झिजती," म्हणायच्या.

म्हणूनच गेल्या वर्षी रंगनाथनं तो नाणी पारखून दर्जा देणाऱ्यांकडे तपासणीला पाठवला, तेव्हा असा वरचा दर्जा मिळाला की नाणेवाल्या मित्रांनी तोंडात बोटं घातली. रुपया परत आला तो कडक पारदर्शक डबीत कायमचा बंद होऊन, वर दर्जाची चिठ्ठी. डबी फोडली की दर्जा गेला. तोवर मालनबाईंची नजरही पार गेली होती. रुपया हाताला लागेनासा झाला, तरी पुढं त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. विसरली असेल, असं रंगनाथला वाटलं.

यंदा लक्ष्मीपूजनाला त्यानं डबीच ताम्हणात ठेवली. मालनबाईंनी ती चाचपली.

"ह्ये काय रे?"

"तुझा रुपया, आई. आत आहे, जपून ठेवलाय."

"बरं," म्हणत त्यांनी दुधाची धार धरली. दूध प्लास्टिकवरून ओघळून गेलं. मग पदर घेऊन त्यांनी डबी हळूच टिपली.

"न्हाली का रे लक्ष्मी?"

हो म्हणायला काय जात होतं? पण ते खोटं ठरलं असतं. जिच्या हातांनी जपला म्हणून हा दर्जा, तिच्याच हाताला तो लागू नये! रंगनाथला स्वतःचाच राग आला. तो उठला आणि पक्कड घेऊन आला.

"अहो, मागाहून हळहळाल," उज्वला म्हणाली.

"हळहळेन की."

गॅलरीत कडकन आवाज झाला. रुपया आणून त्यानं आईच्या तळहातावर ठेवला.

मालनबाईंनी राणीच्या मुकुटावरून अंगठा फिरवला, कडा चाचपल्या आणि मूठ घट्ट मिटली. डोळे भरून आले.

"म्हंजी इकला नव्हतास तू?"

"विकला? कुणी सांगितलं तुला?"

"कुनी नाय. मला वाटलं, पोराला नड आली आसंल. इचारून कशाला लाजवायचं?"