पहिली आग जळू द्यायची

माझ्या बायकोला, इरावतीला, समुद्राची भीती वाटते. आम्ही राहतो त्या बॉटनी डाउन्सहून समुद्र पंधरा मिनिटांवर, तरी वीस वर्षांत ती घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. अशी बाई बावन्नाव्या वर्षी युद्धनौका चालवायला लागली! ऑनलाइन गेममध्ये, दर रविवारी दुपारी, माझा कॉम्प्युटर बळकावून.

कारण जुई, आमची एकुलती एक. ती ख्राइस्टचर्चला इंजिनिअरिंग शिकते, तिथल्याच हॉर्नबी भागात मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. मार्चमध्ये ती फोनवर सहज म्हणाली, थोडा ताप आहे. इरावती पडली नर्स. बेल वाजली की धावायचं, हे सत्तावीस वर्षांत अंगात मुरलेलं. न सांगता विमानाने गेली, मैत्रिणींसमोर पोरीच्या काखेत थर्मामीटर खुपसला आणि वर तिच्या प्राध्यापकांना फोन करून रजा मागितली. जुईने त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. मला मेसेज यायचे, "ऑल गुड, बाबा." आईला तेवढंही नाही. इरावती जेवताना फोन ताटाशेजारी ठेवून बसायची, आणि मला ते बघवत नसे.

जुई शाळेपासून हा गेम खेळते. जूनमध्ये इरावतीने स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि तिला निरोप धाडला, "मी आई. मला खेळायला शिकवशील?" अकरा दिवसांनी उत्तर आलं. एक गेम, आणि बोलायचं ते फक्त गेमबद्दल.

एकाचे पाच झाले, पाचाचे वीस. हेडफोन लावला की कान दुखतात म्हणून इरावती स्पीकर चालू ठेवायची, त्यामुळे माझंही शिक्षण झालं. युद्धनौका मोठी आणि मंद. तिने शत्रूला आपली कूस दाखवायची नाही, नाक जरा तिरकं धरायचं, म्हणजे गोळे घसरून जातात. नेम जहाजावर धरायचा नाही, ते जिथे पोचणार तिथे धरायचा. छोट्या विनाशिका पुढे जाऊन शत्रू शोधतात, आपण मागून त्यांना सांभाळायचं. हे सगळं ती पटकन शिकली. अडायची ती आगीपाशी, गोळा लागून नौका पेटली की.

"आई, डोन्ट टच दॅट!" जुई ओरडायची.

"अगं, पण जळतंय ना!"

"लेट इट बर्न. प्लीज."

कारण विझवायचं बटण एकदा दाबलं की दीड मिनिट पुन्हा चालत नाही. पहिल्या आगीवरच ते खर्च केलं, तर शत्रू मुद्दाम दुसरी लावतो. पहिली आग जळू द्यायची. नुकसान पुढे बरंचसं भरून निघतं. इरावतीला सगळं कळत होतं, पण ठिणगी दिसली की बोट बटणावर जायचंच. मी चेष्टा केली, तुझ्याने या जन्मी होणार नाही. ती खवळली आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी जुई गप्प गप्प खेळत होती. लढाई ऐन रंगात असताना म्हणाली, "आई, आय फेल्ड मॅथ्स."

मी तोंड उघडलं. इरावतीने हात वर करून मला थांबवलं. ट्यूशन, डॉक्टर, प्राध्यापक, सगळं तिच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं; इतक्या वर्षांत तेवढं तर कळतंच. तिने ओठ घट्ट मिटले. मग नुसतं म्हणाली, "हं."

जुई थांबत थांबत बोलू लागली. झोप लागत नाही. लेक्चरला जाववत नाही. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. कुणाला सांगितलं नाही, बाबांनाही नाही. इरावती मधून मधून "मग?" म्हणत होती, बाकी काही नाही. केव्हातरी दोघींच्या नौका बुडाल्या, ते दोघींच्या लक्षातही आलं नाही. माझे डोळे भरून आले. "ऑल गुड, बाबा" वाचून मी इतके महिने निवांत झोपत होतो, याची लाज वाटली.

"आई, कॅन यू कम?" जुईने विचारलं.

मार्चमधली इरावती एव्हाना बॅग काढायला उठली असती. ती खुर्चीतच बसून राहिली. गालावरून पाणी ओघळत होतं, पण आवाज साधा होता.

"कधी येऊ?"

पलीकडे जुई बराच वेळ विचार करत होती. इरावतीने तिला करू दिला.

"फ्रायडे," ती म्हणाली. "अँड स्टे अ फ्यू डेज."